चांदी, रुपे, रौप्य, रजत : धातू एक, मग शब्द इतके का?

अबोली
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शाळेत जुन्या वस्तूंचं एक छोटं दालन मांडतोय. लोकांनी माळ्यावरून, देवघरातून, जुन्या पेट्यांतून वस्तू काढून दिल्यात. त्यांच्याखालच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी एका धातूपाशी अडले आहे.

अत्तरदाणीखाली मी सरळ ‘चांदीची अत्तरदाणी’ लिहिलं. पण ती ज्या घरातून आली, त्या घरच्या जुन्या यादीत शाईने ‘रुप्याची अत्तरदाणी’ असं लिहिलेलं आहे. समितीतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं, ‘रौप्य’ लिहा, भारदस्त वाटतं. शाळेतले एक तरुण सर ‘रजत’ म्हणतायत.

माझा प्रश्न असा: हे चारही शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? मला तसं वाटत नाही. आपण ‘रौप्यमहोत्सव’ म्हणतो, ‘चांदीमहोत्सव’ म्हणत नाही. ‘पैंजण चांदीचे’ म्हणतो, ‘रौप्याचे’ म्हणत नाही. पडदा ‘रुपेरी’ असतो, पण ‘रुपे’ हा शब्द मात्र आता कुणाच्या तोंडी ऐकू येत नाही. तो जाऊ द्यावा असं मला मुळीच वाटत नाही, म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय म्हणतात, कुठे म्हणतात, सगळं लिहा.

दर्यावर्दी
छान विषय. पहिला नंबर माझा. वाचतोय.

हुपरीकर
आमच्या गावाचं नाव निघायच्या आधी मीच आलो. हातकणंगले तालुक्यात हुपरी, आणि हुपरीत घरटी चांदीचं काम. पैंजण, वाळे, जोडवी, साखळ्या, घुंगरू. घरातल्या बायका रवा लावायचं, कड्या जोडायचं काम करत्यात. आमच्याकडं शब्द एकच, चांदी. ‘टंच किती?’ ‘मोड किती आला?’ ‘लगड आणली काय?’ ह्या सगळ्यात रुपे कुठं येत नाही.

ताई, पाटीवर चांदी लिवा. जी वस्तू ज्या हातानं घडली त्या हाताचा शब्द वापरावा, असं माझं स्पष्ट मत हाय.

खामगावचा
हुपरीकर, नमस्कार! चांदीचं गाव म्हटलं की आमचं खामगावही घ्यावं लागतं. इकडे वऱ्हाडात ‘खामगावची चांदी’ म्हणजे शुद्धतेची खात्री. गावाला मात्र म्हणतात ‘रजतनगरी’! बाजारात चांदी आणि गावाच्या कौतुकात रजत. अबोलीताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. रजत हा शब्द मिरवायचा, चांदी हा वापरायचा.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितेय. आमच्या कोंकणीत आजही ‘रुपें’च. भांगर आणि रुपें. माझी आई मराठी बोलताना ‘चांदी’ म्हणते आणि कोंकणीवर आली की त्याच वाटीला ‘रुप्याची वाटी’ म्हणते. एकाच घरात, एकाच वाटीला. त्यामुळे ‘रुपे गेला’ हे ऐकून मला नवल वाटतं. तो दोन पावलं दक्षिणेला राहायला आलाय इतकंच.

बडोदेकर
आणि उत्तरेलाही! गुजरातीत ‘सोनुं-रूपुं’. बंगालीत ‘रूपा’, ओडियातही तेच. म्हणजे मराठीच्या तिन्ही बाजूंना हा शब्द ठणठणीत आहे. मधल्या पट्ट्यात चांदीने जोर धरला. हिंदीचा परिणाम असावा का? जाणकारांनी सांगावं.

शिक्कामोर्तब
जुनी नाणी हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यांना वाटतं की ‘रुपे’ हा धातू, आणि त्याचं नाणं म्हणून ‘रुपया’. प्रवास उलटा असावा असं मानायला चांगला आधार आहे. पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘रूपादाहतप्रशंसयोर्यप्’. ‘रूप’ या शब्दाला प्रत्यय लागून ‘रूप्य’ होतो आणि त्याचे अर्थ दोन: ज्यावर रूप ठोकून उठवलं आहे ते, आणि ज्याचं रूप प्रशंसनीय आहे ते. पहिल्या अर्थाची उदाहरणं देताना काशिकावृत्ती, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, दीनार आणि कार्षापण ही नाणीच सांगते. म्हणजे ‘रूप्य’ हे आधी ‘ठसा उठवलेलं’ या अर्थी विशेषण होतं.

आजही अभ्यासक आपल्याकडच्या सर्वांत जुन्या नाण्यांना ‘आहत नाणी’ म्हणतात, तो ‘आहत’ शब्द याच सूत्रातला. चांदीचे पातळ तुकडे, साधारण साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर, त्यांवर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी असे वेगवेगळे ठसे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटलंय आणि चांदीच्या नाण्याला ‘रूप्यरूप’. तिथे ‘रूप’ म्हणजे सरळसरळ नाणं.

ठसा, मग ठसा असलेलं नाणं, मग ते नाणं ज्याचं असतं तो धातू. ‘रुपे’ हे नाव माणसाने केलेल्या खुणेवरून पडलं.

चांदणचुरा
शिक्कामोर्तब, सुंदर प्रतिसाद. पण दुसरा अर्थही सूत्रातच आहे ना, ‘प्रशंसनीय रूप’? धातू देखणा म्हणून रूप्य, असं का नाही? ठसा तर तांब्याच्या नाण्यावरही असायचा. मग तांब्याला रूप्य का म्हटलं नाही?

शिक्कामोर्तब
चांदणचुरा, आक्षेप योग्य आहे. अर्थशास्त्रात तांब्याच्या नाण्याला ‘ताम्ररूप’ म्हटलंच आहे. पण मोठा व्यवहार चांदीत चालायचा. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे, त्यात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला ३५ कार्षापण, असा हिशेबच कोरलेला आहे. ज्या नाण्यात रोजचे मोठे हिशेब चालतात, त्याच्याच धातूला ‘ठसेवालं’ हे नाव चिकटणं स्वाभाविक. देखणेपणाचा अर्थ मी नाकारत नाही. दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले असतील. पण नाण्याकडे माझा कल जास्त आहे.

पाटीपुस्तक
पण रुपया तर शेरशाह सूरीने सुरू केला ना? शाळेत तसंच शिकवलं होतं.

शिक्कामोर्तब
सोळाव्या शतकात शेरशाहने १७८ ग्रेन (साधारण साडेअकरा ग्रॅम) वजनाचं चांदीचं नाणं पाडलं आणि ते ‘रुपया’ नावाने रूढ झालं, हे खरं. मोगलांनी तेच वजन पुढे चालवलं. शब्दाची वंशावळ मात्र ‘रूप्य’पर्यंत मागे जाते. नाणं त्याचं, शब्द त्याच्या फार आधीचा.

हुपरीकर
ह्यो मुद्दा लई आवडला. आमच्याकडं बी ठश्यावरच किंमत ठरती की. शिक्का असला की गिऱ्हाईक निर्धास्त.

लोदहून_आजी
बाळांनो, मी इस्रायलहून लिहिते. आमचं मूळ गाव अलिबागकडचं. हिब्रूत चांदीला ‘केसेफ’ म्हणतात आणि पैशालाही ‘केसेफ’च. बाजारात ‘एन ली केसेफ’ म्हटलं की माझ्याकडे पैसे नाहीत. इकडे आले तेव्हा हे ऐकून मला मुळीच परकं वाटलं नाही, कारण रुपे आणि रुपया आमच्या कानात होतेच. आमच्या घरी मराठी बायबल वाचलं जायचं, त्यात ‘सोने-रुपे’ असंच येतं. ‘चांदी’ शब्द आम्ही मुंबईच्या बाजारात शिकलो म्हणा ना.

दर्यावर्दी
आजी, नमस्कार. तुम्ही लिहिलंत म्हणून आठवलं: फ्रेंचमध्ये ‘आर्जाँ’ म्हणजे चांदीही आणि पैसाही. चिनी भाषेत बँकेचा जो शब्द आहे, त्यातलं पहिलं अक्षर चांदीचं. थाई भाषेत ‘ङन्’ म्हणजे चांदी आणि पैसा दोन्ही. मी जहाजावर नोकरी केली, बंदराबंदरांत हे शब्द कानावर पडायचे. सोन्याच्या नावाने पैशाला हाक मारणारे लोक त्या मानाने कमी भेटले. सोनं तिजोरीत बसायचं, बाजारात फिरायची चांदी.

अबोली
लोदहून_आजी, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. मराठी बायबलातलं ‘रुपे’ माझ्या मनातही आलं नव्हतं. सोने-रुपे ही जोडी तुकोबांच्या अभंगातही आहेच. वारकऱ्यांच्या तोंडी ती रोज असते, म्हणजे शब्द अगदीच गेलेला नाही.

वेदान्ती_वड
आणि शिंपला विसरू नका. अंधारात शिंपला पडलेला असतो, लांबून चकाकतो, माणसाला वाटतं रुपे आहे. शंकराचार्यांच्या परंपरेत ‘शुक्तिरजत’ हा भ्रमाचा नेहमीचा दृष्टान्त, आणि संतांच्या मराठीत तो ‘शिंपीवर रुप्याचा भास’ असा येतो. तिथे ‘चांदी’ घालून बघा, बसतच नाही. प्रवचनात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ‘रुपे’ लगेच कळतं. शब्द कोशात जिवंत नसला तरी ओवीत असतो.

काव्यशास्त्र_विनोद
संस्कृतातली नावं बघायची तर अमरकोशात चांदीला ‘दुर्वर्ण’ म्हटलंय! सोनं ‘सुवर्ण’, चांगल्या रंगाचं, म्हणून चांदी ‘दुर्वर्ण’. बिचारीचा काय दोष? पुढे रजत, रूप्य, खर्जूर, श्वेत ही नावं आहेतच.

चांदणचुरा
दुर्वर्ण!! हे मी आजच्या चहाबरोबर सगळ्यांना सांगणार.

वेदान्ती_वड
दोष सांगतो. तैत्तिरीय संहितेत गोष्ट आहे. देवांनी अग्नीपाशी आपलं धन ठेवलं, तो ते घेऊन पळाला. देवांनी ते परत हिसकावलं तेव्हा तो रडला. रडला म्हणून रुद्र. त्याचे जे अश्रू पडले त्यांचं रजत झालं. म्हणून यज्ञात चांदीची दक्षिणा देऊ नये, दिली तर वर्षाच्या आत घरात रडारड होते, असं तिथे सांगितलं आहे. पितरांच्या कार्यात मात्र नेमकं उलट, श्राद्धाला चांदीचं पात्र प्रशस्त. आमच्या घरी श्राद्धाला चांदीची वाटी निघते ती यामुळेच.

आणि एक. वेदांत बऱ्याचदा नुसतं ‘रजत’ नसतं, ‘रजत हिरण्य’ असतं. हिरण्य म्हणजे मौल्यवान धातू, आणि त्यातलं पांढरं ते रजत. रंगाचा शब्द हळूहळू धातूचा झाला.

भाषाभगिनी
इथे मला उडी मारायलाच हवी. ‘रजत’, लॅटिन ‘आर्जेन्टुम’ आणि आपला ‘अर्जुन’ एकाच मुळातून आलेत. मूळ अर्थ उजळ, पांढरा. ऋग्वेदात रात्रीला ‘कृष्ण’ आणि दिवसाला ‘अर्जुन’ म्हटलेलं आहे. अर्जुनसादड्याचं झाड पाहिलंय ना? त्याची पांढुरकी गुळगुळीत साल पाहिली की नाव का पडलं ते कळतं. त्या ‘आर्जेन्टुम’वरून अर्जेंटिना. चांदीच्या रसायनचिन्हातली ‘एजी’ ही अक्षरंही तिथलीच. म्हणजे अर्जुन आणि अर्जेंटिना सख्खे नसले तरी चुलत आहेत.

‘चांदी’ चंद्राकडून आलेली. पण ‘चंद्र’ म्हणजेही मुळात ‘चमकणारा’, आणि वैदिक भाषेत तो सोन्यालाही लागतो. चांदीला चंद्र लागला तो पुढे. युरोपातले किमयागारही चांदीला ‘लुना’ म्हणजे चंद्रच म्हणायचे.

थोडक्यात, रजत रंगावरून, चांदी उजेडावरून, रुपे ठशावरून. तीन शब्द, तीन वेगवेगळ्या नजरा. समानार्थी शब्दांच्या यादीत ते एका ओळीत लिहिले की हे सगळं पुसलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

बेंगळुरूची_सून
दक्षिणेत चंद्र नाही, शुक्र! कन्नडमध्ये ‘बेळ्ळी’ म्हणजे चांदी आणि शुक्रतारासुद्धा. तमिळमध्ये ‘वेळ्ळी’ म्हणजे चांदी, शुक्र, आणि शुक्रवार म्हणजे ‘वेळ्ळिक्किळमै’. मूळ अर्थ पांढरं. माझ्या सासूबाई कन्नड. त्यांना मी ‘चांदी’ हा शब्द चंद्राचा म्हणून समजावून सांगितला तर म्हणाल्या, चंद्रावर तर डाग असतात, शुक्र स्वच्छ.

खामगावचा
सासूबाईंना शंभर गुण.

मासेखाऊ
अवांतराबद्दल आधीच क्षमा. २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा जाहीर केला. कोणता? सिल्व्हर पापलेट. सातपाटीच्या कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या पकडला तो मासा. आमच्याकडे तो नुसता पापलेट, मालवणात सरंगा. त्याला ‘सिल्व्हर’ कुणी लावत नव्हतं, कारण तो चंदेरी दिसतोच, सांगायची गरज काय?

मांडवीकाठ
मासेखाऊ, धागा चांदीचा आहे, ताटाचा नाही. 😀

मासेखाऊ
चांदीच्या ताटात पापलेट वाढा, दोन्ही विषय मिटतील.

पाटीपुस्तक
‘चंदेरी’वरून आठवलं. चंदेरी साडी म्हणजे चांदीच्या जरीची साडी म्हणून चंदेरी, बरोबर?

सुईदोरा
नाही हो. चंदेरी हे मध्य प्रदेशातलं गाव, तिथे विणली जाते म्हणून चंदेरी, जसं पैठणची पैठणी. आणि वांगणी-बदलापूरकडे चंदेरी नावाचा किल्लाही आहे, गिर्यारोहकांना विचारा. मराठीत ‘चंदेरी’ म्हणजे चांदीच्या रंगाचा, हा शब्द वेगळा. दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेत की दुकानदारही जरीचं कारण सांगतात.

जरीचं मात्र खरं आहे. जुन्या पैठणीची, शालूची जर म्हणजे चांदीची बारीक तार, वर सोन्याचं पाणी. रेशमाच्या धाग्यावर ती तार गुंडाळली की कलाबतू. म्हणून तर ‘जुनी जर, जुने शालू’ अशी हाळी देत माणसं दारावर यायची. ते शालू जाळून चांदी काढायचे. कित्येक आज्यांचे लग्नाचे शालू असे मुशीत गेले. आमच्या आत्याने तिचा दिला नाही. म्हणाली, तार वितळेल पण वीण कोण परत देणार? अबोली, तुझ्या दालनात असा एखादा शालू असेल तर त्याच्या पाटीवर ‘चांदीची जर’ हे जरूर लिही. लोकांना ती नुसती चमक वाटते.

तिसरी_घंटा
सुईदोरा यांनी शालू जाळण्याचं लिहिलं, तसंच सिनेमाचं झालं आहे. ‘रुपेरी पडदा’ हा इंग्रजीवरून आलेला शब्दप्रयोग. पूर्वी पडद्याला चकाकता धातूचा लेप द्यायचे, प्रकाश जास्त परतावा म्हणून. पण चांदी पडद्यापेक्षा फितीत जास्त खरी होती. कृष्णधवल फितीवरचं चित्र म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. त्या चांदीसाठी जुन्या मूकपटांच्या फिती भंगारात काढल्या गेल्या, चांदी सुटी करून विकली गेली. दादासाहेब फाळक्यांच्या काळातलं आज इतकं थोडं हाती उरलंय त्याची कारणं बरीच आहेत, आगी, फिती कुजणं, हेळसांड. पण हेही एक आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली झालं, तोवर फार उशीर झाला होता. मला याची खरोखर हळहळ वाटते. चित्रातल्या माणसांपेक्षा चित्रातल्या धातूला भाव जास्त मिळाला.

म्हणून माझ्यापुरता ‘रुपेरी’ हा शब्द उसना असला तरी खोटा नाही.

चांदणचुरा
तिसरी_घंटा, हे माहीत नव्हतं. वाचून गप्प बसले.

शिक्षक_नाना
मतदानाच्या शाईतही चांदीच असते, सिल्व्हर नायट्रेट. बोटावर लावल्यावर उजेडाने काळी पडते. फितीवर जी क्रिया, तीच बोटावर. पुढल्या निवडणुकीला बोट दाखवताना सांगा, चांदी लावून आलो!

आणि ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदीचा कण नसतो. तांबं, निकेल, जस्त. हल्ली रुखवतात आणि भेटवस्तूंत हेच चालतं. याच्याशी आपल्या स्वयंपाकघरातल्या ‘जर्मन’ची गल्लत नको. ‘जर्मनचं पातेलं’ म्हणजे ॲल्युमिनियमचं. अबोलीताई, दालनात दोन्ही येतील, पाट्या नीट लावा. देणारे सगळ्यालाच चांदी म्हणतात.

हुपरीकर
नाना बरोबर. आणि गिलीट बी बघा. वरनं चांदीचं पाणी, आत पितळ. कसाला लावल्याशिवाय पाटी लिवू नका.

क्रीडारसिक
रौप्यपदकाबद्दल कुणीच लिहिलं नाही? १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये विजेत्याला चांदीचंच पदक मिळायचं. आजचं ‘सुवर्णपदक’ही आतून चांदीचंच असतं, वर सहा ग्रॅम सोनं. म्हणजे सुवर्णपदक विजेत्याच्या गळ्यात वजनाने बघाल तर चांदीच जास्त. ‘रौप्यपदकावर समाधान मानावे लागले’ हे वाक्य वर्तमानपत्रांनी बंद करावं अशी माझी जुनी मागणी आहे. जगात दुसरा येणं म्हणजे काय थट्टा आहे का?

काव्यशास्त्र_विनोद
क्रीडारसिक, शंभर टक्के अनुमोदन. ‘रौप्य’ शब्दाबद्दल तुमच्यामुळे बोलता येईल. ‘रौप्य’ म्हणजे मुळात ‘रूप्याचं’, विशेषण. म्हणून तो पुढे काहीतरी घेऊन येतो: रौप्यपदक, रौप्यमहोत्सव, रौप्यपाद. नुसतं ‘रौप्य आणलं’ असं कुणी म्हणत नाही. तो समारंभाचा शब्द आहे. अत्तरदाणीला ‘रौप्य अत्तरदाणी’ म्हणणं म्हणजे तिला सत्काराची शाल पांघरल्यासारखं होईल.

अबोली
समितीतल्या ज्येष्ठांना हे कसं सांगू त्याचा विचार करतेय. :)

बडोदेकर
माझा जुना प्रश्न अजून अधांतरी आहे. मराठीच्या मधल्या पट्ट्यात ‘चांदी’ का वरचढ झाली?

शिक्कामोर्तब
पुराव्यानिशी सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक तर्क मांडतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत इथे अनेक टाकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, शिवाय सुरती आणि इतर. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून बदलताना सराफ बट्टा कापायचे. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो तो हाच. मग कंपनीचा यंत्रावर पाडलेला एकसारखा रुपया आला, ‘कलदार’. १८३५ पासून त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. रुपया म्हणजे फक्त नाणं, असा अर्थ घट्ट झाला. अशा वेळी धातूसाठी ‘रुपे’ म्हणणं गोंधळाचं. ‘रुप्याचा’ आणि ‘रुपयाचा’ कानाला किती जवळ आहेत बघा. ‘चांदी’ने तो गोंधळ मिटवला. पुढे १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात ती उरलीच नाही, निकेल आलं. शब्द आणि धातू तिथे कायमचे वेगळे झाले.

मांडवीकाठ
तर्क पटला नाही. आमच्याकडेही चांदीचा ‘रुपिया’ चालायचा, गोंयच्या टांकसाळीचा. तरी ‘रुपें’ टिकलंच की. गुजरातीतही रूपियो आणि रूपुं दोन्ही सुखाने नांदतात. मला वाटतं, हा बाजारपेठांचा प्रश्न आहे. मुंबईच्या सराफ बाजारात ज्या भाषांची सरमिसळ झाली त्यात ‘चांदी’ सगळ्यांना कळणारी होती.

शिक्कामोर्तब
हरकत रास्त आहे. कदाचित दोन्ही कारणं असतील.

पाटीपुस्तक
आणि बँकेने मला दिलेलं कार्ड ‘रुपे’च आहे! कार्डावर हा शब्द परत आला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही?

भाषाभगिनी
पाटीपुस्तक, क्या बात! ठसा, नाणं, धातू आणि आता कार्ड.

सुईदोरा
सोन्याला तोळा तसा चांदीला ‘भार’, हा शब्दही नोंदवून ठेवूया. रुपयाभार म्हणजे एका रुपयाच्या वजनाइतकं. ‘वीस भाराचे तोडे’, ‘पाच भाराचं निरांजन’. आजकाल सराफ दहा ग्रॅमला एक भार धरतात, जुन्या यादीतला भार त्याहून जड असणार.

अबोली
अरे हो! त्या जुन्या यादीत ‘भार’ आहेच. मला ते ‘बत्तीस भार’ म्हणजे काय तेच कळत नव्हतं.

सगळ्यांचं वाचून माझं ठरलं ते सांगते. हुपरीकर दादा, पैंजण, जोडवी, वाळे, करगोटा या घडीव वस्तूंना ‘चांदी’. ज्या वस्तू यादीसकट आल्यात त्यांना यादीतलाच शब्द, ‘रुप्याची अत्तरदाणी’, आणि खाली बारीक अक्षरात ‘रुपे : चांदी’. गावच्या तालमीच्या पहिलवानांची पदकं आहेत, ती ‘रौप्यपदक’. आणि ‘रजत’ फलकावर, कारण ते सर मनापासून सुचवतायत आणि त्यांच्या वर्गातली मुलं फलक रंगवणार आहेत.

आणखी एक मदत हवी. एका पिशवीत दहाबारा काळी पडलेली नाणी आली आहेत, आणि एक विचित्र वस्तू, मधोमध दुमडलेली जाड तार, वर काहीतरी कोरलेलं. आकडा म्हणावा तर टोक नाही.

शिक्कामोर्तब
ताई, तुमचं गाव कोकणात आहे का? असेल तर ती बहुधा लारी आहे! चांदीची दुमडलेली तार, तिच्यावर अक्षरांचा ठसा. इराणी आखातातून हा प्रकार आला आणि आदिलशाहीत कोकणच्या बंदरांवर चालला. कोकणात अशा लाऱ्या सापडल्या आहेत. फोटो काढताना दोन्ही बाजू घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

अबोली
हो, रत्नागिरी जिल्हा! उद्या सकाळी उजेडात फोटो काढून इथे टाकते. रांगोळीने घासून लख्ख करून घेऊ का आधी?

शिक्कामोर्तब
नको, नको! रांगोळी नाही, टूथपेस्ट नाही, चिंच नाही, काहीच नाही. घासलं की ठसा झिजतो, आणि कुणाची लारी, कुठली, हे त्या ठशावरूनच कळायचं असतं. काळी आहे तशी राहू दे. मऊ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, आणि प्रत्येकीचं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा.

हुपरीकर
वजनाला बारका इलेक्ट्रॉनिक काटा लागंल. कुठल्याबी सराफाकडं असतोय, घटकाभर मागून घ्या. फोटोची वाट बघतोय.